लोखंडाचें पाणी

माणसाचें पाणी जोखणें, तलवारीचें पाणी पाहाणें आणि विळ्याला पाणी देणें हे तीन प्रयोग मराठींत एकाच शब्दाभोंवतीं फिरतात. त्यांपैकीं पहिले दोन आपण लिहिणारीं-वाचणारीं माणसें सहज वापरतों. तिसरा मात्र लोहारशाळेंतच राहिला. वस्तुतः पहिल्या दोहोंत जो अर्थ आहे त्याला आधार तिसऱ्याचाच आहे. तापून लाल झालेलें पोलाद पाण्यांत बुडविलें म्हणजे त्याच्या अंगीं जो कठीणपणा येतो त्यालाच लोहार पाणी म्हणतो. हा कठीणपणा कोठें द्यावा, किती खोल द्यावा आणि कोठें मुळींच देऊं नये, ह्या विचाराचा इतिहास फार जुना आहे. भट्टी आणि पाण्याची डोण यांच्यापासून निघून तो गेल्या साठ-पासष्ट वर्षांत प्रकाशाच्या एका किरणापर्यंत येऊन पोंचला आहे. आणि त्या किरणाच्या कर्त्यांपैकीं एक आपल्या बारामतींत जन्मला. ह्या इतिहासाचा एक धागा पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांतून जातो. तेथूनच आरंभ करणें सोईचें होईल.

पनवेल हें पूर्वीं ठाणे जिल्ह्यांत होतें, मग कुलाब्यांत गेलें, आणि त्या कुलाब्याचेंच नांव आतां रायगड आहे. जिल्हे बदलले तरी गांवाचें महत्त्व एकाच गोष्टीमुळें टिकलें. तें वाटेवरचें गांव आहे. रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडीनें खाडींतून पनवेलास उतरे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढे. घाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं खुला केला. दोन बैल पाठीवर जितकें ओझें वाहतील त्याच्या कितीतरी पट तेच बैल गाडींतून ओढतात. तेव्हां घाटावरचा माल गाडींत बसून बंदराकडे येऊं लागला यांत नवल नाहीं. जेथें गाड्यांची वर्दळ तेथें चाकांचा खप. पनवेलास गाडीचीं चाकें करण्याचा धंदा भरभराटीस आला, आणि एकोणिसाव्या शतकांतल्या सरकारी गॅझेटियरांत गांवाचा विशेष म्हणून त्याची नोंद झाली.

बैलगाडीचें चाक ही दिसावयास साधी पण विचारानें केलेली वस्तु आहे. मधला तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोंकांवर जुळविलेले घेराचे लांकडी तुकडे, असे तिचे भाग. बाभूळ, खैर, तिवस अशीं चिवट लांकडें त्यासाठीं वापरतात. पण सुतारानें कितीहि नेटकें जुळविलें तरी घाटांतल्या धोंड्यांवर तें चाक दोन दिवसांत खिळखिळें होईल. त्याला जखडून धरते ती लोहाराची धांव. चाकाचा घेर मोजून लोखंडी पट्टीचें कडें त्याहून बोटभर आंखूड करितात. मग गोवऱ्यांच्या आंचेवर तें कडें चौफेर तापवितात. पांच फूट व्यासाचें चाक धरलें तर त्याचा घेर सुमारें १८८ इंच होतो; लोखंड पांचशें अंश सेंटिग्रेडनें तापलें असतां तेवढ्या घेरांत एक इंचाहून अंमळ अधिक वाढ होते. तेवढ्या संधींत दोघे-तिघे मिळून सांडशींनीं कडें उचलून चाकावर बसवितात, लांकूड धुमसूं लागतें, आणि लागलीच वर पाणी ओततात. कडें आकसतें, सगळे सांधे करकरून मिटतात, आणि चाक एकजीव होतें. ह्यांत ना खिळा, ना डिंक. उष्णतेनें धातु वाढते आणि थंडीनें आकसते हा पदार्थविज्ञानाचा धडा ज्या लोहारानें कधीं वाचला नाहीं, त्यानें तो रोज राबविला.

अशा चाकाचा शेवट कसा होतो? लांकूड कुजतें किंवा मोडतें, लोखंड झिजतें. रस्त्यावरच्या खडीवर घासून धांव पातळ होत जाते. तुंब्यांत फिरणाऱ्या आंसाचें टोंक, वंगण असूनहि, एका बाजूनें खाल्लें जातें आणि चाक डुलूं लागतें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अखंड आंस टाकाऊ ठरतो तो त्याच्या टोंकाचा एखाद्या जोंधळ्याएवढा थर गेल्यामुळें. आंतलें सगळें लोखंड पहिल्या दिवसाइतकेंच धड असतें. यंत्रयुगांतहि हेंच दिसतें. एंजिनाचा दट्ट्या असो, नांगराचा फाळ असो, किंवा सुताराची पटाशी असो, वस्तु निकामी होते ती तिच्या कातडीवर. आणि ती कातडी राखण्याची विद्या हा लोहविद्येचा एक गाभा आहे.

आतां पाण्याची गोष्ट. धांवेवर ओतलेलें पाणी आणि छिन्नीला दिलेलें पाणी हीं एकाच डोणींतलीं. परंतु दोहोंचें फळ निराळें. धांवेवरचें पाणी तिला फक्त आकसवितें. ती पूर्वीं जितकी मऊ होती तितकीच नंतरहि राहते. पाथरवटाची छिन्नी मात्र त्याच पाण्यांतून कांच कापण्याइतकी कठीण होऊन निघते. लोहार म्हणतो, लोखंडाला पाणी लागत नाहीं, पोलादाला लागतें. पुढें त्याची खरी कुशलता. नुसत्या पाण्यानें कठीण झालेली छिन्नी दगडावर पहिल्याच घावाला उडते. म्हणून तो केवळ धारेची बाजू बुडवितो, बाहेर काढून तिच्यावर दगड घांसून ती लखलखीत करितो, आणि मागच्या तापलेल्या अंगांतून उष्णता धारेकडे सरकतांना पृष्ठावर जे रंग चढतात ते पाहात बसतो. सुमारें २२० अंशांवर फिकट गवती पिवळा येतो, मग तांबूस, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. वस्तऱ्यासाठीं पिवळ्यावर थांबावयाचें, छिन्नीसाठीं जांभळ्यापर्यंत जाऊं द्यावयाचें, कमानीसाठीं निळा गांठावयाचा. आणि हवा तो रंग आला कीं पुनः पाण्यांत. धार कठीण, पाठ चिवट, आणि दोहोंच्या मध्यें कोठेंहि तुटक रेघ नाहीं, असें हत्यार ह्या रीतीनें तयार होतें. ह्या क्षणाची पारख डोळ्यानें होई आणि ती बापाकडून मुलाला मिळे.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे याची साक्ष जमिनींतून निघाली आहे. नागपूरजवळील नायकुंड येथें १९७८ ते १९८० या काळांत देव आणि जामखेडकर यांनीं केलेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची आहे. विदर्भांतील त्याच काळच्या शिलावर्तुळांखालीं लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे अलंकार मिळाले आहेत, आणि अशा हत्यारांच्या धातुशास्त्रीय तपासणींत कार्बन मुरविलेल्या पोलादाच्या खुणाहि आढळल्या आहेत. अलीकडच्या काळांत महाबळेश्वराच्या रानांत धावड लोक जांभ्या दगडांतून लोखंड गाळीत असत. एकोणिसाव्या शतकांत रानावर निर्बंध आले, कोळसा महागला, आणि बंदरांतून विलायती लोखंड स्वस्त दरानें येऊं लागलें; धावडांच्या भट्ट्या विझल्या. तेव्हां बोरघाटांतून मालाच्या गाड्या वाढत होत्या त्याच शतकांत सह्याद्रीच्या माथ्यावरचें लोखंड गाळणें संपत होतें. पनवेलच्या लोहाराच्या हातीं विलायती पट्टी आली आणि त्याचें कसब तेवढें देशी उरलें.

कसब होतें, मग उणें काय होतें? उणें होतें तें एका प्रश्नाचें. लोखंडाला पाणी कां लागत नाहीं आणि पोलादाला कां लागतें? हा प्रश्न युरोपांतील लोहारांनाहि सुटलेला नव्हता. परंतु तेथें एक निराळी गोष्ट घडली. १७२२ सालीं रेओम्यूर नांवाच्या फ्रेंच पंडितानें, जो पुढें कीटकांच्या अभ्यासासाठींहि प्रसिद्ध झाला, घडीव लोखंडाचें पोलाद करण्याच्या कलेवर ग्रंथ छापला. भट्टीवाल्यांनीं गुप्त ठेवलेल्या कृति त्यानें स्वतः प्रयोग करून तपासल्या होत्या. १७८६ सालीं वांदेरमोंद, बेर्तोले आणि मोंज या तिघांनीं दाखवून दिलें कीं लोखंड, पोलाद आणि बीड यांतला भेद त्यांत मुरलेल्या कार्बनाच्या प्रमाणाचा आहे. यांपैकीं मोंज हा गणिती होता. गणिती मनुष्यानें भट्टीशीं जाऊन बसावें, आणि त्यामुळें गणिताची प्रतिष्ठा जाऊं नये, ही त्या समाजाची मोठी मिळकत होय. आपल्या देशांतलें उत्कृष्ट पोलाद, ज्याला इंग्रज लोक वूट्झ म्हणत, तेंहि तपासण्यासाठीं लंडनला गेलें. तेथें फॅरडे आणि स्टोडार्ट यांनीं १८२० च्या सुमारास त्यावर प्रयोग केले.

आपल्याकडे लोहार हा बारा बलुतेदारांतला एक. गांवानें त्याला धान्य दिलें, गांवगाड्यांत जागा दिली, पण लेखणी दिली नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी होती त्यानें व्याकरण लिहिलें, न्याय लिहिला, बखरी लिहिल्या. सांडशी कशी धरावी हें लिहिण्याजोगें आहे असें त्याला वाटलें नाहीं. ह्यांत एकट्या कोणाचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं, कारण ही समाजाची घडणच होती. पण परिणाम स्पष्ट आहे. जें ज्ञान लिहिलें जात नाहीं त्याला प्रश्न विचारला जात नाहीं. आणि ज्याला प्रश्न विचारला जात नाहीं तें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें खरें, परंतु वाट बदलली कीं त्याला वळतां येत नाहीं.

वाट बदललीच. २१ एप्रिल १८६३ रोजीं बोरघाटांतला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुण्याची वाहतूक आगगाडींत बसूं लागली. पण गंमत पाहा. आगगाडीच्या चाकालाहि झिजण्याचें तेंच दुखणें होतें, आणि त्यावर औषधहि तेंच निघालें. एंजिनाच्या चाकावर पोलादाचें वेगळें कडें तापवून चढवावयाचें आणि तें झिजलें कीं नवें घालावयाचें, ही पनवेलच्या धांवेचीच रीत. जर्मनींतील आल्फ्रेड क्रुप यानें १८५२-५३ च्या सुमारास सांधा नसलेलें अखंड पोलादी कडें करण्याची युक्ति काढली आणि त्यावर अफाट संपत्ति मिळविली. त्याच्या कारखान्याची १८७५ पासूनची जी प्रसिद्ध खूण, एकमेकांत गुंतलेलीं तीन वर्तुळें, तीं म्हणजे आगगाडीच्या चाकाच्या तीन धांवा होत. तत्त्व एक; एका ठिकाणीं तें बलुत्यावर राहिलें आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यानें साम्राज्य उभारलें. भांडवल आणि राज्यसत्ता हीं कारणें त्यांत मोठीं आहेत, हें विसरून चालणार नाहीं. तरी तपासून पाहाण्याची संवय हेंहि त्यांतलें एक आहे.

कातडी कठीण आणि अंतर चिवट ठेवण्याच्या आणखी युक्त्या ह्या काळांत निघाल्या. इंग्लंडांत इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यानें १८०३ सालीं नांगराच्या फाळाचें पेटंट घेतलें. वितळलेलें बीड थंड लोखंडी सांच्याला जेथें लागतें तेथें एकदम निवून अतिशय कठीण होतें; वाळूला लागून सावकाश निवलेली बाजू मऊ राहते. त्यानें फाळाची खालची बाजू अशी कठीण केली. जमिनींतून चालतांना वरची मऊ बाजू अगोदर झिजते आणि खालची कठीण बाजू धारेसारखी पुढें राहते. म्हणजे फाळ झिजतां झिजतां आपली धार आपणच लावून घेतो. झीज टाळतां येत नसेल तर तिलाच कामाला लावावें, असा हा विचार. महाराष्ट्रांत लोखंडी नांगर घरोघर नेला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंतली शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, १९०३ सालीं पहिला नांगर केला, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडानें जमीन विषारी होईल ही शेतकऱ्यांची भीति घालविण्यांत त्यांचीं कांहीं वर्षें गेलीं. पण पांढरपेशा मनुष्य ऐरणीपाशीं उभा राहिला म्हणजे काय होतें, याचें मराठी उदाहरण म्हणून तें पुरेसें आहे.

इकडे प्रयोगशाळेंत मूळ प्रश्नाचें उत्तर पुरें होत होतें. पोलाद सुमारें ७२५ अंशांच्या वर तापलें कीं त्यांतील अणूंची मांडणी बदलते आणि गरम दुधांत साखर विरघळावी तसा कार्बन तींत विरघळतो. सावकाश निवूं दिलें तर कार्बनाला बाहेर पडून वेगळें बसावयास वेळ मिळतो, आणि पोलाद मऊ राहतें. एकाएकीं निवविलें तर कार्बन जेथल्या तेथें अडकतो. सारी मांडणी ताणली जाते आणि सहज सरकेनाशी होते. हाच तो कठीणपणा. ह्या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून मार्टेन्साइट म्हणतात. पनवेलच्या धांवेंत कार्बन नसल्यासारखाच. म्हणून तिला पाणी लागत नव्हतें. छिन्नींत शेंकडा अर्ध्या-पाऊण भागाइतका कार्बन. म्हणून तिला लागे. पण अडचण उरली ती अशी कीं मोठा भाग सगळा तापवून पाण्यांत घातला म्हणजे तो वांकतो, पिळतो, प्रसंगीं तडकतो. ज्योतीनें वरवर तापविणें, किंवा १९३० नंतर प्रचारांत आलेली विजेच्या प्रवर्तनानें तापविण्याची रीत, हीं त्यावरचीं उत्तरें. तरीहि हवी तेवढीच जागा, हवी तेवढीच खोल, हें साधण्यास फार बारीक आणि फार तीव्र अशी आंच पाहिजे होती.

ती प्रकाशानें पुरविली. १९१७ सालीं आइन्स्टाइननें दाखविलें होतें कीं उत्तेजित अणूवर योग्य प्रकाश पडला तर तो तसाच, अगदीं त्याच तालाचा, आणखी प्रकाश सोडतो. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडींतून असा तालबद्ध किरण प्रथम काढला. दिव्याचा प्रकाश ही जत्रेंतली गर्दी मानली तर लेसर ही कवाईत करणारी पलटण होय. म्हणूनच त्याला भिंगानें अगदीं लहान ठिपक्यावर गोळा करितां येतें. पण माणकाचा किरण क्षणभर चमकून विझे. कारखान्याला उपयोगी पडेल असा सतत आणि जबर शक्तीचा किरण १९६४ सालीं बेल प्रयोगशाळेंत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनीं कार्बन डायॉक्साइड वायूंतून काढला. पटेल १९३८ सालीं बारामतीस जन्मले आणि १९५८ सालीं पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पदवीधर झाले. तें कॉलेज १८५४ सालीं सरकारी बांधकामांचे हाताखालचे अधिकारी शिकविण्यासाठीं निघालेलें. ज्या पिढींत बोरघाटाच्या रस्त्यावर गाड्या धांवत होत्या त्या पिढीच्या गरजेंतून उगवलेल्या शाळेचा हा विद्यार्थी. त्यांच्या नळींत नत्रवायूचे कण विजेनें उत्तेजित होतात आणि आपली शक्ति कार्बन डायॉक्साइडला देतात; जो किरण निघतो तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण धातु वितळवितो.

त्यानें लोखंडाला पाणी कसें दिलें जातें, हें घरांतल्या एका वस्तूवरून समजेल. बादलींतलें पाणी तापविण्याची विजेची सळई सुमारें एक किलोवॅटची असते; ती बादलीभर पाणी आंघोळीपुरतें ऊन करावयास वीसेक मिनिटें घेते. तेवढीच शक्ति किरणाच्या रूपानें चार-पांच मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यावर टाकली तर तेथला पोलादाचा पृष्ठभाग सेकंदाच्या अंशांत लाल होतो. किरण लागलीच पुढें सरकतो. आंतलें थंड पोलाद वरच्या पातळ थरांतली उष्णता इतक्या झपाट्यानें ओढून घेतें कीं तो थर दर सेकंदाला हजारों अंशांच्या वेगानें निवतो. म्हणजे डोण नाहीं, पाणी नाहीं. पोलादाचें अंगच पोलादाच्या कातडीला पाणी देतें. कठीण थराची जाडी बहुधा पाव मिलिमीटरपासून एक मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बाकीचा भाग तापलेलाच नसल्यामुळें फारसा वांकत नाहीं. आरंभीं एक अडचण आली. चकचकीत लोखंड हा किरण आरशासारखा परतवून लावी. म्हणून त्यावर काजळीसारखा काळा लेप द्यावा लागे. नव्या लेसरांच्या आंखूड लहरी लोखंड अधिक शोषून घेतें, त्यामुळें आतां लेपाची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

कारखान्यांत ह्या रीतीचा मोठा उपयोग १९७४ सालीं झाला. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ येथील विभागानें मोटारीच्या सुकाणूच्या यंत्राची ओतीव लोखंडी पेटी ह्या किरणानें आंतून कठीण केली. आणि तीहि सगळी नव्हे, जेथें दट्ट्या घासतो तेथें फक्त अरुंद पट्टे ओढून. पनवेलच्या आंसाच्या टोंकाचा जो प्रश्न, तोच हा. किरणाची आंच आणखी वाढविली तर पृष्ठभाग वितळतो आणि त्यांत दुसऱ्या धातूची पूड सोडून नवा थर जोडतां येतो. १९८१ च्या सुमारास रोल्स रॉइस कंपनीनें आरबी-२११ या विमानाच्या एंजिनांतील टर्बाइनचीं पातीं जेथें एकमेकांना घासतात तेथें कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा थर असा चढविला. इंदूरास १९८४ सालीं पायाभरणी झालेलें, आणि २००५ पासून राजा रामण्णा यांच्या नांवानें ओळखलें जाणारें, प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. होळकरांच्या ह्या शहरांत मराठी घरें कितीतरी आहेत; त्यांच्या शेजारीं हें काम चालतें. तेथें जबर शक्तीचे वायु-लेसर बांधले गेले, आणि अणुभट्टीच्या भागांवर निकेलच्या मिश्रधातूचे थर चढविण्याचे प्रयोग झाले. तेथें कोबाल्ट चालत नाहीं. कारण अणुभट्टींत तो किरणोत्सर्गी होतो आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला धोका होतो.

हा किरण म्हणजे जादू नव्हे. पोलादांत कार्बनच नसेल तर नुसत्या तापविण्यानें तो कठीणपणा आणूं शकत नाहीं. धांवेला पाणी लागत नव्हतें तें किरणानेंहि लागणार नाहीं, तिच्यावर दुसरा थरच जोडावा लागेल. वितळवून चढविलेला थर निवतांना तडकूं शकतो. दोन पट्टे एकमेकांना लागून ओढले तर दुसऱ्याच्या उष्णतेनें पहिल्याची कडा पुनः मऊ पडते. लोहार धारेवरचे रंग पाहात बसे तें ज्या कारणानें, त्याच कारणानें. फरक एवढाच कीं लोहार ती गोष्ट हवी तेव्हां घडवून आणी, आणि यंत्रज्ञाला ती नको तेथें टाळावी लागते. जुन्या विद्येनें ओळखलेले नियम नव्या विद्येला मोडतां आले नाहींत. ते फक्त तिला अंकांत मांडतां आले.

पनवेलचीं चाकें आतां इतिहासजमा होत आहेत. रबरी टायर आला, मालमोटार आली, आणि मुंबई-पुणे द्रुतगति मार्ग पनवेलच्या अंगावरून घाटाकडे जातो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पनवेल तालुक्यांतील नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. एंजिनाच्या पात्यांची झीज रोखण्याची विद्या जितकी शुद्ध तितका प्रवासी सुरक्षित, असा काळ ह्या जुन्या बंदराच्या डोक्यावर आला आहे. ह्या बदलाबद्दल उसासे टाकण्याचें कारण नाहीं. बैलानें घाट चढावा अशी इच्छा कोणत्याहि दयाळू माणसाची असणार नाहीं. परंतु धंदा गेला म्हणून त्याची विद्याहि न लिहितां जाऊं द्यावी काय, हा प्रश्न निराळा आहे. धांव, तुंबा, आरा, पाणी देणें, रंग पाहाणें हे शब्द ज्यांच्या तोंडीं अजून आहेत अशीं माणसें कोंकणांत आणि घाटावर आहेत. त्यांच्याकडे टिपणवही घेऊन जावें. त्यांच्या भट्टीशीं तपमापक न्यावा. कोणत्या लोखंडाला कोणता रंग, किती वेळ, हें मोजून लिहून ठेवावें.

हें काम इतिहासाच्या आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनीं मिळून करण्यासारखें आहे, आणि त्याला पैसाहि फारसा लागणार नाहीं. बारामतीच्या मुलाच्या हातून जगाला मिळालेला किरण आपण परदेशांतून यंत्राच्या रूपानें विकत घेऊं शकतों, इंदूरास स्वतः बांधूंहि शकतों. पण त्या किरणाला विचारावयाचा प्रश्न विकत मिळत नाहीं. तो भट्टीजवळ बसणाऱ्या हातांत आणि कागदावर लिहिणाऱ्या हातांत ओळख झाली म्हणजेच सुचतो. पोलादांत कठीण थर आणि चिवट अंतर हीं एकाच तुकड्यांत राहतात, मध्यें सांधा नसतो, म्हणूनच हत्यार टिकतें. आमच्या समाजांत विद्येचे हे दोन भाग पुष्कळ काळ वेगळे राहिले. ते जोडण्यास अजून उशीर झालेला नाहीं.